एका तिकिटाचा देश

आम्हां कोकणवासीयांना जशी एस. टी., तशीच नेदरलँड्सच्या खेड्यापाड्यांना प्रादेशिक बस जिव्हाळ्याची. १९६७ ते १९८८ या काळात तेथे एकाच प्रमाणित नमुन्याच्या बसगाड्या बांधल्या गेल्या. पुढील काच फुगीर, म्हणून तिला ‘बोलरामर’ हे नाव पडले. रात्री आतील दिव्यांचे प्रतिबिंब काचेत पडून चालकाची दृष्टी अडू नये, हा त्या फुगवट्यामागील हेतू.

१९८० साली पट्ट्यांचे राष्ट्रीय तिकीट आले. जितक्या विभागांतून प्रवास, त्याहून एक पट्टी अधिक, हा हिशेब बस, ट्राम व मेट्रो यांस देशभर सारखाच लागू होता. २०११ मध्ये त्याची जागा इलेक्ट्रॉनिक कार्डाने घेतली. गाड्याही संग्रहालयांत गेल्या. परंतु खेडे व राजधानी यांत भेद न करणारे तिकीट, हीच त्या काळाची खरी देणगी होय, असे आम्हांस वाटते.