चित्र मोठे होते तेव्हा



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले की तो संपावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी चित्रावर बोलणार आहे, आणि तेही स्वतः चित्रकार नसताना. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही पदरात पडले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाचे कागद लावता लावता. तेव्हा कोठे घसरलो तर सांभाळून घ्यावे.

निमित्त घडले ते सिद्धगडाचे. मुरबाड तालुक्यातल्या या गडाच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. 1912 साली माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, शेतकरी-आदिवासींच्या बाजूने उभे राहिले, आणि बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेच्या तारा वाहणारे मनोरे पाडले, हे शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला नव्याने सांगावयास नको. दर वर्षी त्या तारखेला लोक सिद्धगडावर जमतात. अशाच एका वर्षी आमच्याकडील काही तरुणांनी त्या पहाटेचे चित्र संगणकाकडून काढवून घेतले. कुंचला कोणी धरला नाही. चार ओळी लिहून दिल्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र हातावर ठेवले. मोबाइलवर ते झकास दिसत होते. फ्लेक्सच्या दुकानदाराने मात्र मान हलवली.

त्याचा हिशेब असा. चित्र 512 बिंदू रुंद आणि तितकेच उंच. 2022 च्या ऑगस्टमध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ नावाचे यंत्र सर्वांना खुले झाले, तेव्हा त्याचे मापही हेच होते. फ्लेक्स दहा फुटांचा, म्हणजे 120 इंचांचा. इंचाला जेमतेम चार बिंदू आले! पुस्तकातल्या चांगल्या छपाईला इंचाला 300 लागतात. त्या मानाने हे चित्र पावणेदोन इंचांचे. दुकानदार म्हणाला, “काळजी नको भाऊ, मशीन वाढवून देते.” त्याने ते चौपट केले आणि पुन्हा चौपट केले. रुंदी 8192 बिंदूंची झाली. मूळचे बिंदू 2 लाख 62 हजार. नव्या चित्रात 6 कोटी 71 लाख. याचा अर्थ दर 256 बिंदूंपैकी 255 यंत्राने स्वतःच्या पदरचे घातले. पगारपत्रकातले 256 पैकी 255 आकडे मालकाने अंदाजाने भरले असते, तर आपण गेटवर बसलो असतो.

चित्र मोठे करणे ही काही आजची कला नव्हे. मुंबईत सिनेमाचे भलेमोठे फलक रंगविणारे कारागीर लहान फोटोवर चौकटी आखीत, तितक्याच चौकटी फलकावर आखीत, आणि घरामागून घर भरीत जात. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात पोट भरले ते याच कामावर. फ्लेक्सच्या छपाईने ते कारागीर घरी बसले. त्यांचा संप झाला नाही की त्यांच्यासाठी करारही झाला नाही. ही सल माझ्या मनात आहे, म्हणून येथे सांगितली. पण मुद्दा निराळा आहे. तो कारागीरही नसलेले भरीतच असे. नायकाच्या गालावर तो गुलाबी रंग चढवी, भुवई रेखी. फरक इतकाच की ते काम रंगाऱ्याचे आहे हे रस्त्यावरच्या पोरालाही कळे.

छापखान्याची गोष्ट याहून प्रामाणिक. 1880 च्या दशकात जाळीतून फोटोचे ठिपके पाडून ब्लॉक करण्याची रीत युरोप-अमेरिकेत स्थिरावली. वर्तमानपत्रासाठी इंचाला साठ-पासष्ट रेघांची जाळी चाले. असे चित्र मोठे करावयास गेले की ठिपकेच मोठे होत, चेहरा नाही. ‘याहून जास्त मला ठाऊक नाही,’ असे तो कागद सरळ सांगे.

संगणकानेही प्रथम हाच सरळपणा पाळला. रॉबर्ट कीज यांनी 1981 साली मांडलेल्या गणिताने शेजारच्या बिंदूंची सरासरीसारखी जुळणी करून मधली जागा भरली जाई. चित्र मऊ, धूसर होई, पण खोटे बोलत नसे. पुढे 2014 साली हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातील संशोधकांनी यंत्राला चित्रांच्या जोड्या दाखविल्या, एक बारीक तपशिलाचे आणि त्याचेच एक धूसर, आणि धूसरावरून बारीक कसे असेल हे ओळखावयास शिकविले. मग 2016-17 मध्ये दोन यंत्रे समोरासमोर बसविण्यात आली. एकाने तपशील रचावयाचा, दुसऱ्याने तो बनावट म्हणून पकडावयाचा. पकडणारा फसेपर्यंत रचणारा सुधारत जातो.

या प्रयोगाचा निकाल मला फार बोलका वाटतो. मूळ चित्राशी बिंदू बिंदू ताडून पाहिले तर नव्या यंत्राची चूक जुन्यापेक्षा जास्त भरली. पण माणसांना विचारले तेव्हा त्यांनी नव्यालाच जास्त गुण दिले. डोळ्याला हवी होती ती धार, मग ती मुळातली असो वा नसो. आपण फसविले जातो असे म्हणणे पुरेसे नाही. आपण त्याला मार्कही देतो.

2020 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून असेच एक यंत्र बाहेर पडले. अवघ्या 16 बिंदू रुंदीच्या चेहऱ्यापासून ते 1024 बिंदू रुंदीचा चेहरा करी. कोणीतरी त्याला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला. उत्तरादाखल आला एका गोऱ्या माणसाचा चेहरा! हे चेहरे काल्पनिक असतात, ओळख पटविण्यासाठी नाहीत, असे कर्त्यांनी आधीच म्हटले होते. यंत्राने ज्यांचे चेहरे फार पाहिले, त्यांचाच चेहरा ते सर्वांना वाटते.

सिद्धगडाच्या चित्राची गत याहून वाईट होती. ओबामांच्या धूसर फोटोमागे निदान एक खरा माणूस होता. मूळ फोटो काढून चूक दाखविता तरी आली. येथे मूळच नव्हते. मोबाइलवर जो करडा ठिपका होता, त्याची फ्लेक्सवर चकचकीत बटणे झाली. बंदुकीवर कोणत्याही लिपीत न बसणारी अक्षरे उमटली. आमच्या रानातल्या गडाला राजस्थानी घुमट फुटले. आधी अंदाज, आणि त्यावर अंदाजाचा मजला. तरीही तो इतका धारदार की पाहणारा म्हणे, “हा त्या वेळचा फोटो का?” एका शिक्षकाने मला खरेच असे विचारले.

मी त्या पोरांना रागावलो नाही, कारण तीच चूक मी स्वतः करून बसलो होतो. शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर उचल फेडता फेडता ज्यांचे हाडाचे पाणी होते, त्या कातकरी मजुरांत आमचा एक जुना साथी होता. तो गेला. त्याचा वेगळा फोटो कोठेच नव्हता. तहसील कचेरीवरच्या एका मोर्चाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत त्याचा चेहरा होता, हरभऱ्याएवढा. कचेरीतल्या मुलाने तो मोबाइलवर वाढवून दिला. आम्ही छान चौकट करून घेतली आणि शोकसभेत हार घातला. त्याची मुलगी समोर येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, “भाऊ, हा कोण?”

नाक सरळ झाले होते. रंग उजळला होता. भट्टीवर पडून तुटलेला पुढचा दात भरून आला होता. त्याला जन्मभर न परवडलेला दात यंत्राने फुकटात बसवून दिला! सभेतल्या कोणालाही ते खटकले नव्हते, मलाही नाही. वीस वर्षे मी त्याच्याबरोबर बसून चहा प्यालो होतो.

ती चौकट आम्ही त्याच दिवशी उतरविली. सिद्धगडासाठी पोरांनी पुढे दुसरा फ्लेक्स केला. त्यावर दोन नावे, तारीख, आणि भाई कोतवालांचे जे जुने छायाचित्र मिळते ते, जेवढे मिळाले तेवढ्याच मापाचे. दहा फुटांत ते फारच लहान दिसते, अशी तक्रार अजूनही येते. कचेरीच्या भिंतीवर आता मोर्चाचा सबंध फोटो आहे, जसा होता तसा. मुलगी कधी कामासाठी आली तर आधी त्याच्यापाशी जाते, आणि बरोबरच्या लेकराला दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथ्या माणसावर बोट ठेवावयास लावते.