हयातीपर्यंतचा उंबरा

आमच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचे १९६४ सालचे वाटणीपत्र आहे. बारामती तालुक्यातली, नीरा डाव्या कालव्याखालची जमीन दोन मुलांत वाटताना त्यांनी त्यात एक कलम घातले होते : रस्त्याकडची खोली, विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क आणि अर्धा एकर बागाईत उभयतांच्या हयातीपर्यंत त्यांच्याकडेच राहील. आजोबा लवकर गेले. आजी मात्र त्या खोलीत पुढे एकवीस वर्षे राहिली. तिची चूल वेगळी होती आणि दोन्ही सुनांकडे येणे-जाणे रोजचे. लहानपणी मला ती वेगळी चूल म्हणजे घरातले भांडण वाटे. आता माझीच सत्तरी जवळ आली आहे, आणि आजोबांनी केलेली ती सर्वांत शहाणी तजवीज होती असे वाटते.

या मुलखात म्हातारपणाचा आधार म्हणजे मुलगे आणि जमीन. वतनदाराला वतन होते, विधवेला अन्नवस्त्र, क्वचित चोळी-बांगडीची जमीन. मोरोपंत १७९४ पर्यंत बारामतीत निर्धास्तपणे राहिले ते नाईकांच्या आश्रयामुळे. असा आश्रयदाता किती जणांना मिळणार?

इंग्रजी अमलात कागद आला. प्रिंगलची आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापुरात तीस वर्षांसाठी नवे दर लागू केले. पुढे हीच पद्धत दख्खनभर गेली. शेताला क्रमांक मिळाला, खातेदाराला नाव मिळाले. पण नावावरची जमीन गहाणही पडू लागली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते याच कागदाच्या धास्तीने. म्हणजे जमिनीचा आधार सही करणाऱ्याच्या हातून एका अंगठ्यानिशी जाऊ शकतो, हे आपल्या भागाला दीडशे वर्षांपूर्वीच कळले होते.

लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. इंदापूर तालुका त्यात होरपळला. त्यानंतरच्या १८८० च्या दुष्काळ आयोगाने सुचवले की, ज्यांना खडी फोडायला जाणे शक्य नाही अशा वृद्ध-अपंगांना त्यांच्या गावातच मदत पोचवावी. म्हाताऱ्या माणसाला घरातून न उठवता सांभाळावे, हा विचार सरकारी कागदावर असा आला.

पुढे कालव्याने बागाईत आली, मग साखर कारखाने, आणि जमिनीला भाव आला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारसा दिला. आठ वर्षांनी केलेल्या वाटणीपत्रात आजोबांनी आजीचे नाव स्वतःच्या नावाशेजारी लिहिले, ते मला योगायोगाचे वाटत नाही.

मात्र खोली शाबूत असली की झाले, असे नाही. उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावे गेली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही वर दिसते. विस्थापितांना दुसरीकडे घर बांधता आले, पण पारावरची संगत आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार उचलून नेता येत नाही. एकटे राहणाऱ्याला खोलीइतकीच त्यांची गरज असते. म्हणूनच ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, ही गोष्ट मला मोठी वाटते. इंदापूरहून बारामतीच्या दवाखान्यात जायला आता मुलाची सवड पाहावी लागत नाही.

आजोबांचे कलम आज कायद्यातही आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातले कलम २३ सांगते की, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येते. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी अट असणे आवश्यक ठरवले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावला, तरी शहाण्याने अट लिहूनच ठेवावी. मृत्युपत्राचा मार्ग आणखी सोपा : मालकी अखेरपर्यंत आपली राहते आणि मन बदलले तर ते बदलता येते.

माझा मुलगा पुण्यात असतो. "घर आत्ताच नावावर करा, नंतर धावपळ नको," असे तो म्हणतो. त्याच्या मनात पाप नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी बक्षीसपत्राचा मसुदा बाजूला ठेवला आणि मृत्युपत्र लिहायला घेतले. "बाबा, आमच्यावर विश्वास नाही का?" त्याने विचारले. मी त्याच्यापुढे १९६४ चा कागद ठेवला आणि सांगितले, "आजोबांचा मुलांवर विश्वास होता. तरीही हे कलम त्यांनी घातले, म्हणून आजीला कधी कुणापाशी खोली मागावी लागली नाही, आणि मुलांनाही कधी ती नाकारायची वेळ आली नाही."