प्रयोगकर्ता की श्रोता? : ब्रिटनमधील घरगुती रेडिओसंच-बांधणी आणि परवान्याचा प्रश्न (१९२२–१९२५)

प्रास्ताविक

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधकांना आणि त्यांच्या शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे ते शोध स्वतःच्या हातांनी घरी पुन्हा उभे करणाऱ्या सामान्य माणसांना मिळत नाही. रेडिओच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. मार्कोनी, फ्लेमिंग, आर्मस्ट्राँग यांची नावे पाठ्यपुस्तकांतून परिचित आहेत. परंतु १९२० च्या दशकात सुटे भाग विकत आणून, नियतकालिकातील आकृतीबरहुकूम रेडिओसंच बांधणाऱ्या लक्षावधी लोकांनी रेडिओच्या सामाजिक रूपावर कोणता परिणाम केला, याचा विचार क्वचितच होतो. १९२२ ते १९२५ या काळात ब्रिटनमध्ये अशा संचांच्या परवान्यावरून जो वाद झाला, त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. वरवर पाहता हा वाद काही शिलिंगांचा होता. प्रत्यक्षात मात्र स्वतःचे यंत्र स्वतः बांधणारा मनुष्य प्रयोगकर्ता मानावयाचा की केवळ श्रोता, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. या वादाचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो, त्याचाही परामर्श अखेरीस घेतला आहे.

साधा संच : रचना आणि कार्य

हा वाद समजण्यासाठी त्या काळातील सर्वांत साधा संच, म्हणजे स्फटिकसंच, कसा होता हे पाहणे आवश्यक आहे. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून केलेले वेटोळे, घराबाहेर उंच बांधलेली एरियलची तार, जमिनीशी केलेली जोडणी, गॅलेना या शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्याला टेकणारी बारीक तार आणि हेडफोन एवढेच त्याचे प्रमुख घटक. एरियलने पकडलेल्या अनेक लहरींपैकी हवी ती लहर वेटोळ्याच्या साहाय्याने निवडली जाई. खडा आणि तार यांच्या स्पर्शबिंदूतून विद्युत्प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने वाहत असल्यामुळे उच्च कंप्रतेच्या लहरीवर आरूढ झालेला ध्वनीचा आकार वेगळा होई आणि हेडफोनमध्ये ऐकू येई. या संचाला बॅटरी लागत नसे. हेडफोनचा पडदा हलविण्याची ऊर्जा प्रक्षेपण केंद्राकडून आलेल्या लहरीतच असे. म्हणूनच तो केंद्रापासून थोड्या अंतरापर्यंतच उपयोगी पडे.

गॅलेनाच्या या गुणधर्माचा उपयोग विद्युतलहरी ओळखण्यासाठी करता येतो हे जगदीशचंद्र बोस यांनी दाखविले होते. त्यासाठी त्यांनी १९०१ मध्ये अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेचे एकस्व मिळाले. पुढे हाच खनिजाचा खडा स्वयंपाकघरातील मेजावर रेडिओ बांधणाऱ्यांच्या हाती आला. खड्यावरील संवेदनशील बिंदू तारेच्या टोकाने चाचपडत शोधावा लागे आणि जरासा धक्का बसला तरी तो हरवे. या संचाच्या मालकाला केवळ ऐकून भागत नसे, त्याला यंत्राशी सतत झटावे लागे. पुढील वादात ही बाब महत्त्वाची ठरली.

हौशी मंडळे आणि नभोवाणीचा आरंभ

ब्रिटनमध्ये बिनतारी संदेशवहनावर १९०४ च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण होते. प्रक्षेपण असो वा ग्रहण, दोहोंसाठी पोस्टमास्तर जनरलचा परवाना आवश्यक असे. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी व्यक्तींचे परवाने स्थगित झाले. युद्धानंतर पुन्हा परवाने मिळू लागले, ते 'प्रयोगा'च्या हेतूने. प्रयोगकर्त्याच्या या परवान्याचे वार्षिक शुल्क १० शिलिंग होते. अर्जदाराचा हेतू खरोखरच शास्त्रीय असावा, अशी अपेक्षा असे.

नियमित नभोवाणीच्या मागणीत याच हौशी मंडळांचा पुढाकार होता. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांच्या ६३ संस्थांच्या वतीने पोस्टमास्तर जनरलला निवेदन देण्यात आले आणि ध्वनीचे नियमित प्रक्षेपण सुरू करण्याची विनंती करण्यात आली. त्याचे फलित म्हणून १४ फेब्रुवारी १९२२ पासून मार्कोनी कंपनीच्या रिटल येथील केंद्रावरून दर मंगळवारी सायंकाळी प्रक्षेपण होऊ लागले. संच बांधणाऱ्यांनी मागणी केली, त्यामुळे नभोवाणी आली. आणि नभोवाणी आल्यामुळे संच बांधणाऱ्यांची संख्या पूर्वी कोणी कल्पिली नव्हती इतकी वाढली. या परस्परवृद्धीची पूर्वकल्पना शासनाला नव्हती आणि उद्योजकांनाही नव्हती.

शिक्क्याचे राजकारण

ऑक्टोबर १९२२ मध्ये सहा मोठ्या उत्पादकांच्या पुढाकाराने ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली आणि १४ नोव्हेंबर १९२२ रोजी लंडनहून तिचे प्रक्षेपण सुरू झाले. कंपनीच्या उत्पन्नाची दोन साधने होती : श्रोत्याच्या १० शिलिंगांच्या परवाना-शुल्कातील निम्मा वाटा आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचावरील स्वामित्वशुल्क. साध्या स्फटिकसंचावर हे शुल्क साडेसात शिलिंग होते. श्रोत्याच्या परवान्यावर केवळ मान्यताप्राप्त, ब्रिटिश बनावटीचा आणि कंपनीचा शिक्का असलेला संचच वापरता येई.

या व्यवस्थेत दोनच माणसे गृहीत धरली होती. एक, शास्त्रीय जिज्ञासेने प्रयोग करणारा. दुसरा, तयार संच विकत घेऊन ऐकणारा. परंतु दुकानांतून सुटे भाग मिळत होते, त्यांचे एकत्र बांधलेले किट मिळत होते, आणि १९२२ मध्ये सुरू झालेली 'ॲमॅच्युअर वायरलेस', 'पॉप्युलर वायरलेस' यांसारखी नियतकालिके जोडणीच्या आकृत्या घरोघर पोहोचवीत होती. त्यांच्या आधारे संच बांधणारा कारकून, कामगार किंवा शाळकरी मुलगा या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हता. त्याच्या संचावर शिक्का नसल्यामुळे श्रोत्याचा परवाना त्याला मिळत नसे. मग तो प्रयोगकर्त्याच्या परवान्यासाठी अर्ज करी. असे हजारो अर्ज पोस्ट खात्यापुढे साचले. दुसऱ्याने आखून दिलेल्या आकृतीप्रमाणे तारा जोडणे म्हणजे प्रयोग होय काय, याचा निर्णय खात्यातील अधिकाऱ्यांना करता येईना. अनेकांनी अर्थातच परवान्याविनाच ऐकणे पसंत केले.

कंपनीचे म्हणणेही सर्वस्वी अवास्तव नव्हते. घरी बांधलेल्या संचावर स्वामित्वशुल्क मिळत नाही, परदेशी स्वस्त भागांची आयात वाढते, आणि कार्यक्रमांचा खर्च मात्र कंपनीने सोसावयाचा, अशी तिची तक्रार होती. दुसऱ्या बाजूस 'डेली एक्स्प्रेस'सारख्या वृत्तपत्राने कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध मोहीम उघडली. घरी संच बांधणारा मनुष्य अशा रीतीने उद्योजकाच्या लेखी चुकार, वृत्तपत्राच्या लेखी पीडित आणि शासनाच्या लेखी अवर्गीकृत ठरला.

साइक्स समिती

एप्रिल १९२३ मध्ये शासनाने सर फ्रेडरिक साइक्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. कंपनीचे व्यवस्थापक जॉन रीथ हे या समितीचे सदस्य होते, तसेच हौशी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. एक्लस हेही सदस्य होते. वादातील दोन्ही पक्ष असे एकाच मेजाभोवती आले. समितीचा कल स्पष्ट होता : संचाच्या उगमावरून श्रोत्यांत भेद करू नये, स्वामित्वशुल्काची पद्धत बंद करावी आणि सर्वांना एकच परवाना द्यावा.

हे लगेच घडले नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये तडजोड म्हणून १५ शिलिंगांचा 'रचनाकाराचा परवाना' निर्माण करण्यात आला. ब्रिटिश बनावटीचेच भाग वापरण्याची हमी त्यासाठी द्यावी लागे. ज्यांच्याकडे शिक्का नसलेले संच आधीच होते त्यांच्यासाठी १५ शिलिंगांचाच तात्पुरता परवाना ठेवण्यात आला. परिणाम तत्काळ दिसला. चोरून ऐकणारे लोक मोठ्या संख्येने पुढे आले आणि काही दिवसांतच परवान्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. १९२४ च्या मध्यास संचांवरील स्वामित्वशुल्क रद्द झाले. १९२४ अखेर परवाने १० लाखांच्या पुढे गेले. १९२५ च्या आरंभापासून १० शिलिंगांचा एकच परवाना सर्व श्रोत्यांना लागू झाला.

'रचनाकार' हा वर्ग कायद्याच्या दृष्टीने जेमतेम सव्वा वर्ष टिकला. तथापि त्याचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या आयुर्मानावरून ठरवणे योग्य होणार नाही. स्वतःचे यंत्र बांधणे हा अपवाद नसून सामान्य नागरिकाचा व्यवहार आहे, हे शासनाने त्या वर्गाच्या रूपाने प्रथम मान्य केले.

अधिकाराबरोबर आलेली जबाबदारी

या अधिकाराला दुसरी बाजू होती. स्फटिकसंच कोणालाही उपद्रव करीत नसे. व्हॉल्व्हचा संच करू शके. व्हॉल्व्हने वर्धित केलेल्या शक्तीचा काही अंश पुन्हा वेटोळ्याकडे वळविला तर संचाची संवेदनक्षमता पुष्कळ वाढते, हे आर्मस्ट्राँग यांच्या शोधामुळे ज्ञात झाले होते. परंतु ही प्रतिपूर्ती मर्यादेबाहेर गेली की ग्राहक संच स्वतःच लहरी फेकू लागतो. परिणामी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हेडफोनमध्ये शिट्टीसारखा कर्कश आवाज घुमे. कंपनीचे मुख्य अभियंता पीटर एकर्स्ली यांना श्रोत्यांकडे याविषयी वारंवार आर्जव करावे लागले. अशा प्रसंगी खात्याचा शिक्का कामास येत नसे. संच हाताळणाऱ्याला त्याचे तत्त्व कळले आहे की नाही, यावरच सारे अवलंबून असे. संच बांधता येणे आणि तो समजणे यांतील अंतर शेजाऱ्याला ऐकू येत होते, असे म्हटले तरी चालेल.

पुढे किटचा व्यापार अधिक संघटित झाला. १९२७ मध्ये कॉसर या कंपनीने 'मेलडी मेकर' हे तीन व्हॉल्व्हच्या संचाचे किट बाजारात आणले. विजेचे ज्ञान नसलेल्यालाही तक्ता पाहून ते जोडता यावे, अशी त्याची योजना होती. चार वर्षांपूर्वी ज्या घरगुती बांधणीला उत्पादक विरोध करीत होते, तीच आता उत्पादकांच्या विक्रीचे साधन बनली. मात्र जोडणी जसजशी सोपी झाली तसतशी समजून घेण्याची निकडही कमी झाली, हेही नोंदविले पाहिजे.

मुंबईचा संदर्भ

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. केंद्राची शक्ती दीड किलोवॉट होती आणि त्याचे प्रक्षेपण खात्रीने ऐकू येण्याचा टापू सुमारे ३० मैलांचा होता. वार्षिक परवाना १० रुपयांचा होता. परवाना-शुल्कातील मोठा वाटा आणि आयात साहित्याच्या मूल्यावरील आकार यांवर कंपनीची भिस्त होती. म्हणजेच ब्रिटनने १९२५ पर्यंत मोडीत काढलेल्या व्यवस्थेचीच ही काहीशी बदललेली आवृत्ती होती. १९२७ अखेर देशात सुमारे ३,६०० आणि १९२९ अखेर पावणेआठ हजारांच्या आसपास परवाने होते. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि पुढील महिन्यापासून केंद्रे शासनाने चालविण्यास घेतली.

या वेळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदावर होते तेच सर फ्रेडरिक साइक्स (१९२८–१९३३). नभोवाणी हा मध्यवर्ती शासनाचा विषय असल्यामुळे कंपनीच्या अपयशाशी त्यांचा थेट संबंध जोडता येणार नाही. तरीही हा योगायोग बोलका आहे. १८८५ च्या तार कायद्यात बिनतारी संच केवळ जवळ बाळगण्याविषयी पुरेशी तरतूद नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम आला आणि परवान्याविना संच बाळगणे हा गुन्हा ठरला. परवान्याची सक्ती ब्रिटनमध्येही होतीच. परंतु तेथे परवाना चुकवणाऱ्यांना आत घेण्यासाठी कायद्याचे दार रुंद करण्यात आले, तर येथे दाराला कडी घालण्यावर भर राहिला. सुटे भागही आयात करावे लागणाऱ्या आणि हौशी मंडळांचा दबाव नसलेल्या वसाहतीत रचनाकाराच्या बाजूने बोलणारा एक्लस कोणी नव्हता. सायंकाळच्या सविनय कायदेभंगाच्या वार्ता ज्या शहरात कानोकान पोहोचत होत्या, तेथे ऐकण्याच्या साधनावरील नियंत्रणाला राजकीय अर्थही होता.

ब्रिटनमध्ये १९७१ साली केवळ रेडिओसाठीचा परवाना रद्द झाला. भारतातही १९८० च्या दशकात श्रोत्यांची त्यातून सुटका झाली. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ साली संमत झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ब्रिटनमधील नभोवाणीचे स्वरूप उत्पादक व शासन यांनीच ठरविले, हे मत अपुरे आहे. परवाना-व्यवस्था बदलण्यास घरी संच बांधणाऱ्यांची संख्या आणि त्यांचा हट्ट कारणीभूत झाला. दुसरी, प्रयोगकर्ता आणि श्रोता असे काटेकोर विभाजन व्यवहारात टिकत नाही. आकृतीबरहुकूम जोडलेला संच पहिल्या प्रयत्नात बोलत नाही, तेव्हा सांधे तपासणारा, वेटोळ्याचे फेरे पुन्हा मोजणारा मनुष्य प्रयोगच करीत असतो. पोस्ट खात्याला ही रेषा आखता आली नाही, कारण ती माणसामाणसांमधून जात नव्हती, एकाच माणसाच्या एका संध्याकाळमधून जात होती. तिसरी, बांधण्याचा अधिकार समजून घेण्याच्या जबाबदारीशिवाय अपुरा राहतो, हे व्हॉल्व्ह-संचांच्या शिट्ट्यांनी दाखवून दिले.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत आजही विद्यार्थी किट जोडतात, पुस्तिकेप्रमाणे निरीक्षणे नोंदवितात आणि गुण मिळवितात. त्यांना कोणत्या वर्गात बसवायचे, हा १९२३ मधील पोस्ट खात्याचा प्रश्न आता अध्यापकांच्या पुढ्यात आहे. पुस्तिकेतील शेवटच्या सूचनेनंतर विद्यार्थी काय करतो, हे पाहण्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवली, तरच त्याचे उत्तर मिळू शकेल.