कोंबडीचं पाणी आणि काचेची पेटी

आपल्या गटात कोंबड्यांचा विषय निघाला की बोलणं उन्हाळ्याचंच होतं. पाणी तापतं, पक्षी धापा टाकतात. लडाखमध्ये सगळं उलटं. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यात तिथं उघड्यावरच्या भांड्यातल्या पाण्याचा रात्रीतून बर्फ होतो. अंड्यात तीन हिस्से पाणीच असतं, म्हणून कोंबडीचं पाणी तुटलं की अंडीही तुटतात. मग भल्या पहाटे गरम पाण्याची किटली घेऊन खुराड्याकडे कोण जातं, ते आम्ही सांगायला नको.

पण तिथं ऊन लख्ख पडतं. हवा बोचरी असताना ऊन कामाला येतं का? हे जिनिव्हाच्या ओरास द सोस्यूर यांनी तपासलं. 1767 मध्ये त्यांनी काचेच्या पेट्या एकात एक घालून उन्हात ठेवल्या. पुढे लाकडी पेटी केली, आतून काळं बूच, वर तीन काचा. आतली उष्णता पाणी उकळण्याच्याही पुढे गेली! मग ती पेटी त्यांनी आल्प्सच्या डोंगरावर नेली. वर हवा कितीतरी गार, तरी पेटी जवळजवळ तेवढीच तापली. ऊब हवेची नव्हतीच, उन्हाची होती.

1830 नंतर जॉन हर्शेल यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला अशाच पेटीत अंडी शिजवली. आपल्या मुंबईत विल्यम अॅडम्स यांनी आरसे लावून, ऐन जानेवारीत, सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवलं. त्यावर त्यांनी 1878 मध्ये पुस्तकही लिहिलं. शिपायांचं जेवण मोजलं गेलं. रोज चूल फुंकणारीचा धूर कुणी मोजला नाही, हे आम्हाला खटकतं.

कोंबडीसाठी तीच पेटी. दक्षिणेला काच, बाकी बाजूंना पेंढा कोंबलेला, आत काळं भांडं, चोच जाईल एवढंच भोक. भांडं मोठं घ्यावं. शून्य अंशावर आलेल्या पाण्याचा बर्फ व्हायला त्यातून जितकी उष्णता जावी लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापेल. म्हणून मोठं भांडं रात्रभर तग धरतं, पसरट थाळी तासाभरात गोठते. सूर्य कलला की काचेवर गोधडी टाकायची.

सलग ढग आले तर मात्र किटली आलीच.