संगणकातील वंशावळी आणि देवनागरी अक्षरे

पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले की वर्गातील बहुतेक मुले गप्प होतात. शिक्षकही होतात म्हणा! ही नावे जपण्याची सोय मात्र आपल्याकडे जुनी आहे. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला तीर्थोपाध्याय आपले गाव व आडनाव विचारून नामावळीचे बाड उघडतात आणि पूर्वी येऊन गेलेल्या एखाद्या पूर्वजाची नोंद समोर ठेवतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही अशाच.

हरिद्वारच्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने काढली. मॉर्मन पंथाची ही संस्था १८९४ साली स्थापन झाली आणि १९३८ पासून तिने देशोदेशीच्या नोंदींची छायाचित्रे फिल्मवर घेतली. फिल्म ठेवण्यासाठी सॉल्ट लेक शहराजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात १९६० च्या दशकात भुयारी कोठार खोदले. तिथल्या सुमारे २४ लाख रिळांचे अंकीय रूपांतर २०२१ साली पूर्ण झाले. फिल्मचा एक गुण येथे ध्यानात घ्यावा. तिच्यावर अक्षराचे चित्र असते. उजेड आणि भिंग असले की ती वाचता येते. वहीवर मोडीत लिहिले असेल तर फिल्मवरही मोडीच दिसते.

संगणकात मजकूर म्हणून साठवलेल्या वंशावळीचे तसे नाही. तेथे अक्षर नसतेच, अक्षराचा क्रमांक असतो. कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर, हे दोन्ही बाजूंना ठाऊक हवे. वंशावळ एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता यावी म्हणून याच पंथाने १९८४ साली ‘गेडकॉम’ नावाची लेखनपद्धती काढली. तिच्यात प्रत्येक ओळीच्या आरंभी पातळीचा आकडा असतो: शून्यावर व्यक्ती, एकवर तिचे नाव किंवा जन्म, दोनवर जन्माची तारीख. रचना इतकी साधी की ती आजही वाचता येते. पण पूर्वीच्या आवृत्त्यांत वापरलेली ‘अन्सेल’ ही अक्षरांची यादी रोमन लिपीपुरती होती. जर्मन, फ्रेंच नावांची सोय झाली; देवनागरीला जागा नव्हती.

देवनागरीसाठी इस्की हे भारतीय प्रमाणक १९९१ साली ठरले. त्यात ‘क’चा क्रमांक १७९. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये तो २३२५. दोन्हीत ‘क’ हा ‘क’च आहे, म्हणून एकातून दुसऱ्यात जाणे सोपे. परंतु १९९० च्या दशकात आपल्याकडील छपाईची कामे बहुतांशी तिसऱ्याच मार्गाने झाली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले फॉन्ट तेव्हा सर्रास वापरात होते. पडद्यावर आणि कागदावर सुरेख मराठी दिसे. फाइलीत मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांचीच भेळ असे. मराठीपण सगळे फॉन्टमध्ये. त्या काळी संगणकावर जुळवलेल्या एखाद्या कुलवृत्तांताची फाइल आज त्या फॉन्टशिवाय उघडली, तर नुसती चिन्हांची रांग दिसते. फाइलीतला एकही अंक बिघडलेला नसतो, तरी पणजोबा सापडत नाहीत. फ्लॉपीला बुरशी लागण्याची चर्चा आपण पुष्कळ करतो. आमच्या मते हे नुकसान अधिक फसवे आहे.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण शब्दाला शब्द लावून नव्हे. हे फॉन्ट दिसण्याच्या क्रमाने चालतात. ‘विठोबा’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून तिचा क्रमांक आधी येतो. युनिकोडमध्ये आधी ‘व’ आणि मग वेलांटी. शिवाय अनेक फॉन्टांत ‘ग’ हे अक्षर अर्धा ‘ग’ आणि काना अशा दोन तुकड्यांचे असते. फॉन्ट बदलला की तुकड्यांचे क्रमांकही बदलतात. गेडकॉमच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत सक्तीची झाली, पण जुन्या फाइली त्यामुळे आपोआप सुधारत नाहीत.

फॉन्टचे नावही कोणाला आठवत नसेल तर त्या फाइलीचे छापील पान शोधावे. पान आणि चिन्हांची रांग शेजारी ठेवून कोणत्या चिन्हासाठी कोणता आकार याचा तक्ता आठवीची मुलेही करू शकतात. नावांत तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे दोन-तीन पानांत बराचसा तक्ता भरतो. जोडाक्षरे तेवढी शेवटी घ्यावीत.