गेममधलं विमान आणि ओझरचं विमान

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

मे २०२५ मधल्या त्या तीन-चार रात्री आठवतात ना? ऑपरेशन सिंदूर सुरू होतं, झोप कुणालाच नव्हती. आमच्या तालुक्यातल्या पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिनिटाला एक व्हिडिओ पडत होता. त्यातला एक मी उचलला. अंधारात लढाऊ विमान गिरकी घेतंय, मागून क्षेपणास्त्र येतंय, आणि मग आगीचा लोळ. वर 'मोठी बातमी' असं लिहिलं आणि टाकला आमच्या पेजवर. पाच-दहा मिनिटांत शेजारच्या गल्लीतल्या, बारावीतल्या पोराचा फोन.

"काका, काढा तो व्हिडिओ. गेममधला आहे."

"कशावरून रे?"

"कॅमेरा बघा ना. क्षेपणास्त्राच्या मागं मागं चाललाय. तिथं कोण बसलंय शूटिंग करायला?"

वीस वर्षं बातम्या लिहितोय, पण एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. व्हिडिओ काढला, चूक झाली असं जाहीर लिहिलं. पण तोवर तो कुठल्या कुठं गेला होता. माफी मात्र आमच्या पेजपुरतीच राहिली.

एक बरं की (बरं म्हणायचं की वाईट, तुम्ही ठरवा) या चुकीत मी एकटा नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं अमेरिकेविरुद्धचा 'बिनतोड पुरावा' म्हणून जी छायाचित्रं दिली, त्यातलं एक मोबाइल गेममधलं निघालं. २०२२ च्या फेब्रुवारीत 'कीव्हचं भूत' नावाच्या वैमानिकाची दंतकथा जगभर फिरली. तिच्यासोबतचा गाजलेला व्हिडिओ डीसीएस या सिम्युलेटरमधला होता, आणि तो खुद्द युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयानं शेअर केला होता. असा कुणी एक वैमानिक नव्हताच, हे त्यांच्या हवाई दलानं दोन महिन्यांनी मान्य केलं. आणि 'आर्मा ३' हा गेम तर इतक्या वेळा खरं युद्ध म्हणून खपवला गेला, की तो बनवणाऱ्या कंपनीलाच २०२२ मध्ये खुलासा करावा लागला.

मग मला प्रश्न पडला. हे इतकं खरं दिसतं कसं? आणि ते नेमकं कुठपर्यंत खरं आहे? त्यासाठी जरा मागं जाऊ.

सिम्युलेटरची सुरुवात खेळण्यातून नाही, मरणातून झाली. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना. ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून त्यानं १९२९ मध्ये एक ठेंगणं लाकडी विमान केलं. ते जागच्या जागी कलायचं, वळायचं. लष्करानं ढुंकून बघितलं नाही, जत्रेतल्या पाळण्यासारखं ते खेळ म्हणून चाललं. १९३४ मध्ये टपाल वाहून न्यायचं काम अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर आलं. हिवाळा, धुकं, रात्र. नुसत्या यंत्रांकडं बघून उडवायची सवय नाही. काही आठवड्यांत दहाहून जास्त वैमानिक गेले. तेव्हा लष्कराला लिंक आठवला. त्याला बोलावलं त्या दिवशी हवा इतकी खराब, की अधिकारी म्हणाले आज काही हा येत नाही. आणि हा धुक्यातून, यंत्रांच्या भरवशावर विमान घेऊन उतरला. सौदा तिथंच झाला. पहिली सहा यंत्रं घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक लिंकच्या डब्यात बसून शिकले.

लक्षात घ्या, त्या डब्यात ना बंदूक होती ना शत्रू. 'तुझं अंग तुला फसवतं, घड्याळांवर विश्वास ठेव' एवढंच तो शिकवायचा. पण तेवढ्यानं माणसं जिवंत राहिली.

लढाई घरच्या कॉम्प्युटरवर आली ती १९८० च्या दशकात. १९८७ ला 'फाल्कन' नावाचा एफ-१६ विमानाचा गेम आला. १९९८ च्या शेवटी आलेल्या 'फाल्कन ४.०' बरोबर जवळपास ६०० पानांची पुस्तिका होती! गेम खेळायला ६०० पानं वाचणारे लोक जगात आहेत, हे मला त्या पोराकडून कळलं. या 'फाल्कन'मागचे उद्योजक गिलमन लुई पुढं सीआयएच्या पैशावर उभ्या राहिलेल्या इन-क्यू-टेल या गुंतवणूक संस्थेचे पहिले प्रमुख झाले. डीसीएसमधलं ए-१० विमान तर मुळात अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी केलेल्या प्रशिक्षण प्रणालीतून आलेलं. म्हणजे खेळ आणि लष्कर यांच्यामधली भिंत आधीपासूनच पातळ होती.

आता मुद्द्याचं. शस्त्र.

आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं आहे: बटण दाबलं, क्षेपणास्त्र सुटलं, विमान पडलं. इतिहास वेगळं सांगतो.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचं फँटम विमान हे जगातलं अत्याधुनिक विमान होतं. सुरुवातीच्या फँटमला तोफच बसवली नव्हती. का? तर आता क्षेपणास्त्रांचा जमाना, समोरासमोरची झुंज संपली, असं शहाण्यांनी ठरवलं होतं. प्रत्यक्षात रडारवर चालणारं स्पॅरो क्षेपणास्त्र दहा सोडली की जेमतेम एक कामी यायचं. साइडवाइंडर थोडं बरं, पण तेही बहुतेक वेळा वाया. कारणं अगदी साधी आहेत. ही क्षेपणास्त्रं मुळात उंचावरून सरळ जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांसाठी केलेली. समोर आली ती गरकन वळणारी छोटी मिग. दमट हवा आणि वाहतुकीतली आदळआपट यांनी आतले नाजूक भाग बिघडायचे. शत्रू डोळ्यांनी ओळखल्याशिवाय मारायचं नाही असा नियम, त्यामुळं लांबून मारायचा फायदाच गेला. आणि वैमानिकांना हे शस्त्र नेमकं कधी चालतं आणि कधी चालत नाही, हे कुणी धड शिकवलंच नव्हतं.

मग अमेरिकी नौदलानं कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्याकडून चौकशी करून घेतली आणि १९६९ च्या मार्चमध्ये मिरामारला शाळा काढली. तीच 'टॉपगन'. सिनेमामुळं आपल्याला गॉगल आणि मोटरसायकल आठवते, पण त्या शाळेचा जन्म एका लाजिरवाण्या हिशेबातून झाला होता. शाळेनंतर चित्र पालटलं. आधी एक विमान गमावून शत्रूची दोन-तीन पडत होती, १९७२ मध्ये हेच प्रमाण एकाला बाराच्या आसपास गेलं. विमान जवळपास तेच होतं. बदलली ती माणसांची तयारी.

आपल्याकडंही हेच घडलं. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर एक अमेरिकी साइडवाइंडर न फुटता चिनी विमानात रुतून बसलं. ते रशियाला मिळालं आणि त्याची नक्कल म्हणजे के-१३. आपल्या मिग-२१ वर हेच के-१३ होतं. आपल्या मिग-२१ एफएल मध्ये आतली तोफ नव्हती; १९६५ च्या युद्धानंतर पोटाखाली २३ मिलिमीटरच्या तोफेची पेटी लटकवावी लागली. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते त्याच तोफेनं. ज्या गोष्टीची गरज संपली म्हणत होते, तीच कामाला आली.

चांगले सिम्युलेटर हा इतिहास विसरलेले नाहीत. त्या पोरानं मला खुर्चीत बसवून दाखवलं: शत्रू लांब असताना सोडलं तर क्षेपणास्त्राचं इंधन काही सेकंदांत संपतं, पुढं ते नुसत्या वेगावर जातं, आणि समोरच्यानं दोन वळणं घेतली की दमतं. मी सहा सोडली, सहाही वाया. नंतर माझंच विमान जमिनीत घातलं. पोरगं हसून लोळलं.

मग खोटं काय आहे त्यात? तीन गोष्टी.

पहिली, गुपितं. विमानाचा वेग, वजन, वळण यांचं गणित उघड माहितीवरून बऱ्यापैकी जुळवता येतं. पण क्षेपणास्त्राचा 'डोळा' कशाला फसतो, कोणतं जॅमर कोणत्या रडारला आंधळं करतं, हे कुठलंच सैन्य सांगत नाही. तिथं गेम बनवणारे अंदाजच लावतात. 'अगदी खरं हवं' या हट्टापायी 'वॉर थंडर' खेळणाऱ्या काही महाभागांनी २०२१ पासून खऱ्या रणगाड्यांचे आणि विमानांचे लष्करी दस्तऐवज उघड्यावर टाकले. कशासाठी, तर आपला वाद जिंकण्यासाठी!

दुसरी, शरीर. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा ९ जी पर्यंत भार येतो. म्हणजे ७० किलोचा माणूस ६३० किलोचा होतो. रक्त पायाकडं उतरतं, नजर आधी करडी, मग काळी होते. पाय आवळणारा सूट घालून, पोट आणि मांड्या ताडून, श्वास रोखत वैमानिक शुद्धीवर राहतो आणि त्याच वेळी मान वळवून शत्रू शोधतो. खुर्चीत बसलेल्या पोराची स्क्रीन काळी होते, एवढंच. त्याचा चहा सांडत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला गेममध्ये बटणच नाही. गेममध्ये मेलात की पुन्हा सुरू करता येतं.

इथं मला एक मराठी घर आठवतं. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानातल्या सुरतगडहून रात्री त्यांचं मिग-२१ उडालं आणि काही क्षणांतच कोसळलं. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा ठपका आला. आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. मिगच्या सुरक्षिततेवर आणि प्रशिक्षणावर त्या माउलीनं जाहीरपणे प्रश्न विचारले, वर्षानुवर्षं विचारले. आणि पुढं या दोघांनी काय केलं? पुण्यात मुलाच्या आठवणीसाठी 'जीत' नावाची संस्था काढली, सिम्युलेटरवर उड्डाण शिकवणारी.

दिशाभ्रम हा शब्द नीट वाचा. हीच ती 'अंग फसवतं' वाली गोष्ट, जिच्यावर १९२९ मध्ये एका ऑर्गनवाल्याच्या पोरानं उपाय शोधला होता. आणि आपल्याकडं काय होतं? किरणसारख्या मंद विमानावर शिकलेली पोरं थेट मिग-२१ वर जायची, जे ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगानं उतरतं. मधली पायरी हवी, हे १९८० च्या दशकापासून कागदावर होतं. ती पायरी, म्हणजे हॉक विमान, हवाई दलात आलं २००८ मध्ये. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेले आकडे असे: घेतलेली मिग जातीची विमानं ८७२, अपघातात गेलेली ४८२, मृत वैमानिक १७१, मृत नागरिक ३९.

हे आकडे मी दोनदा वाचले. आमच्या घरावरून जाणारी विमानं ओझरची. मिग-२१ तिथंच बनायची, नंतर सुखोई बनायला लागली. लहानपणी आवाज आला की आम्ही गच्चीवर पळायचो, टाटा करायचो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. टीव्हीवर दिवसभर सलामी चालली. ती त्या विमानाला मिळायलाच हवी होती. पण १७१ हा आकडा त्या दिवशी मला फारसा कुठं दिसला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोरांना सिम्युलेटर खेळू द्या. उलट ज्यानं सहा क्षेपणास्त्रं वाया घालवली आहेत, त्याला युद्ध म्हणजे बटण दाबणं नाही हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. माझी चूक तशाच पोरानं पकडली. धोका आहे तो आपल्यासारख्यांचा, ज्यांनी ना विमान उडवलं ना गेम खेळला, आणि तरी रात्री दीड वाजता 'पाडलं रे पाडलं' म्हणून फॉरवर्ड करतात.

पुढच्या वेळी व्हिडिओ आला की आधी विचारा: कॅमेरा कुणाच्या हातात आहे? आणि व्हिडिओ खरा निघाला, तर दुसरा प्रश्न विचारा: त्या विमानात बसलेल्या पोराला आपण नीट शिकवून पाठवलंय का? पहिला प्रश्न मला बारावीच्या पोरानं शिकवला. दुसरा एका आईनं देशाला विचारला होता.

पेजवरची माझी माफी अजून तशीच आहे. काढणार नाही.