एका नटाची अनेक सोंगे

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर किन्हवली आहे. एका अंगाला आसनगावचे स्टेशन आणि रुळांच्या टोकाला मुंबई. दुसऱ्या अंगाला सरळगाव, मुरबाड आणि माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुका. मराठी करमणुकीची दोन मोठी ठाणी अशी या गावाच्या दोन बाजूंना पडतात. मुंबईत सिनेमा आहे आणि घाटापलीकडे नारायणगावात तमाशा. नट घडवण्याच्या या दोन अगदी वेगळ्या रीती, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातला प्रेक्षक दोन्ही पाहत आला. म्हणून नायकाच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या, छोटी कामे करणाऱ्या नटाचा इतिहास मुंबईतून पाहण्यापेक्षा इथून जास्त स्वच्छ दिसतो. अशा नटाला नाना तऱ्हेच्या भूमिका मिळाल्या की आपण त्याचे श्रेय त्याच्या अंगच्या गुणाला देतो. मला हे अर्धेच खरे वाटते. गुण लागतोच, पण तो वेगवेगळ्या अंगांनी दिसावा की एकाच साच्यात आटून जावा, हे मंडळी कशी बांधली आहे आणि पैसा कसा फिरतो यावर ठरते. तमाशाच्या फडाने सहकलाकाराला अनेक रूपे दिली, सिनेमाने त्यांतले एक निवडून बाकीची काढून घेतली, आणि अलीकडे गाण्यांच्या व्हिडिओंनी त्यांतली काही परत दिली आहेत.

फडाचा हिशेब आधी पाहू. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे पुढारी तिथे येतात आणि सुपारी ठरते. पौष पौर्णिमेला भरणारी मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली, पण तिच्या रात्री तमाशाच्याही असतात. जुना फड मोजक्या माणसांचा असे. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे धरणारा, मागे झील ओढणारे सुरत्ये, सरदार, सोंगाड्या आणि नाची. ठरलेल्या रकमेची वाटणी व्हायची, त्यामुळे एक माणूस वाढला की प्रत्येकाचा हिस्सा घटायचा. एकाने तीन सोंगे घेणे ही इथे हौस नव्हती, पोटाची गरज होती. गण झाला की गवळण लागते आणि सोंगाड्या किंवा दुसरा कुणी गडी डोक्यावरून पदर घेऊन मावशी होतो, कमरेवर हात ठेवून कृष्णाशी हुज्जत घालतो. बतावणीत तोच गडी लबाड गावकरी, आणि वग सुरू झाला की तोच हवालदार किंवा प्रधान. कपडे बदलायला आडोसा फारसा नसे. फेटा उलगडला, उपरणे खांद्यावरून कमरेला आले, आवाज चढला की माणूस बदलला. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर हा बदल घडत असल्यामुळे मावशी करणारा माणूस मावशीच आहे, असा कुणाचा समज होण्याचा प्रश्नच नव्हता.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो याच मुलखातून येईल. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. गणपती, नरसिंह, रावण असे मोठे मुखवटे चढवून, मशालींच्या उजेडात आणि संबळाच्या ठेक्यावर देवदैत्य नाचतात. कित्येक गावांत सोंगाचा मान ठरलेल्या घराण्याकडे असतो. बापाने नाचवलेला मुखवटा मुलगा नाचवतो. म्हणजे एका माणसाला एकच भूमिका बांधून देणे ही सिनेमाची करणी नाही, लोकपरंपरेतही ते होते, असे म्हणता येईल. वस्तुस्थिती म्हणून ते मान्य केले पाहिजे. पण बोहाड्यात बांधलेला असतो तो मुखवटा, चेहरा नव्हे. पहाटे रावण उतरवून ठेवला की खाली गावातला शेतकरी उरतो, आणि वर्षभर त्याला कुणी रावण म्हणून टाळत नाही. ठरलेल्या भूमिकेचा काच तेव्हा बसतो, जेव्हा मुखवटा काढून ठेवायची सोय राहत नाही. कॅमेऱ्याने ती सोय काढून घेतली.

सुरुवातीला असे नव्हते. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. तिथली माणसे महिन्याच्या पगारावर होती. पगारी माणूस रिकामा बसवून परवडत नाही, म्हणून पडेल ते काम त्याच्याकडे येई. पुढे संगीतकार म्हणून नाव झालेले वसंत देसाई प्रभातमध्ये पडद्यावर आले, गायले आणि पडद्यामागेही राबले. स्टुडिओची ही घडी मोडल्यावर नट चित्रपटागणिक ठरू लागला. निर्मात्याला दर वेळी नव्या माणसाची पारख करायला सवड नसते. गेल्या चित्रपटात जे चालले तेच तो पुन्हा मागतो. 1960 च्या आसपास तमाशापटांची लाट आली तेव्हा या पद्धतीने काय केले, ते गणपत पाटील यांच्या वाट्याला आलेल्या कामांवरून कळते. कोल्हापूरच्या या नटाने नाच्या इतका हुबेहूब उभा केला की पुढे त्यांच्याकडे जवळजवळ नाच्याच येत राहिला. मानेची लचक, पदरासारखा खेळवलेला रुमाल आणि ‘आत्ता गं बया’चा हेल महाराष्ट्राने उचलून धरला आणि त्याच महाराष्ट्राने त्यांना खऱ्या आयुष्यातही तसेच समजून वागवले. संसारी, कष्टाळू माणसाला आणि त्याच्या घरच्यांना ते सोसावे लागले. फडातल्या मावशीच्या वाट्याला हे आले नाही, कारण घटकेत ती हवालदार होऊन समोर येई. गणपत पाटलांना चित्रपटाने हवालदार होऊच दिले नाही. 2008 मध्ये ते गेले. दोन वर्षांनी ‘नटरंग’ चित्रपटाने नाच्याच्या मानहानीची गोष्ट घरोघर पोहोचवली, पण तिचा नायक कादंबरीतला होता.

निळू फुले यांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे म्हणून सांगितले जाते. माझ्या मते ते त्याच बाजूचे आहे. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झाला. कलापथक म्हणजे विचारांसाठी हिंडणारा फडच. माणसे थोडी, सामान थोडे, आणि प्रत्येकाने सगळे करायचे. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि 1968 मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णांनी त्यांना पडद्यावर आणले. त्यानंतर ग्रामीण चित्रपटाने त्यांना पाटील, सरपंच, सावकार हेच पुन्हापुन्हा दिले. टोपी तिरकी, डोळा बारीक, आवाज दाबलेला. गावोगावच्या बायका त्यांना पाहून खरोखर बिचकत. वेगळे निळू फुले दिसले ते कुठे, ते पाहा. 1972 मध्ये ‘सखाराम बाइंडर’ नाटकात, 1974 मध्ये ‘सामना’त, 1979 मध्ये ‘सिंहासन’मध्ये. या तिन्ही ठिकाणी लेखणी विजय तेंडुलकरांची आहे आणि दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक जब्बार पटेल हे नाटकातून आलेले. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील वरवर पाहता तोच नेहमीचा सत्ताधारी, पण तो आवाज चढवत नाही, समोरच्या फाटक्या मास्तराची चौकशी करतो, त्याला पाहुणचार देतो, आणि त्या पाहुणचारातूनच त्याची भीती बाहेर येते. ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस तर सत्तेच्या पायरीबाहेरचा पत्रकार. सगळे पाहतो, सगळे जाणतो, आणि शेवटी त्याला आवरता न येणारे हसू फुटते. एकाच नटाच्या गळ्यातून हे दोन्ही निघते. पाटलांचा चित्रपट पन्नास वेळा काढणाऱ्यांना ते दिसले नाही आणि रंगभूमीवरच्या माणसांना दिसले, कारण त्यांना या नटाचा साचा माहीत नव्हता. त्याची कुवत माहीत होती.

मग सिनेमाने सहकलाकाराला काहीच दिले नाही का? असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ललिता पवार यांचे नाव त्यासाठी पुरे आहे. मूकपटापासून काम करणाऱ्या या नायिकेला 1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याची एक बाजू लुळी केली, डावा डोळा अधू झाला. नायिकेचे दार बंद झाले. 1944 मध्ये त्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई झाल्या, 1955 च्या ‘श्री 420’मध्ये रस्त्याकडेची केळेवाली, 1959 च्या ‘अनाडी’त वरून कडक आणि आतून मायाळू घरमालकीण मिसेस डीसा, आणि 1987 मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मंथरा. नगरच्या रंगभूमीवरून आलेले सदाशिव अमरापूरकर ‘अर्धसत्य’मध्ये थंड डोक्याचा रामा शेट्टी झाले आणि ‘सडक’मध्ये महाराणी, दोन्हींसाठी त्यांना पुरस्कार मिळाले. ही उदाहरणे मोठी आहेत आणि ती मला मोडता येत नाहीत, मोडायचीही नाहीत. पण केळेवाली आणि मिसेस डीसा यांच्या आगेमागे ललिताबाईंनी किती खाष्ट सासवा केल्या, हेही मोजायला हवे. आणि दोघांकडेही साच्याबाहेरची तालीम आधीपासून होती; एकीकडे नायिकेची, एकीकडे नाटकाची. सिनेमाने ती वापरली. तयार केली ती दुसऱ्यांनी.

आता गाण्याकडे. गाण्यात छोट्या नटाची जागा मराठी पडद्यावर पहिल्यापासून आहे. लावणीचे चित्रण आठवा: नाचीच्या मागे ढोलकीवाला, कडेला नाच्या, समोर बैठकीत फेटेवाले. त्यांना वाक्य नसते, पण लावणीचा रंग त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळतो. मास्टर भगवान यांनी 1951 मध्ये ‘अलबेला’ काढला आणि नायक म्हणून जिंकले. पुढे पैसा गेला, आणि उतारवयात ते इतरांच्या चित्रपटांत एखाद्या गाण्यापुरते येऊन आपल्या त्या डुलत्या नाचाची दोन पावले टाकून जात. नायकाचा सहकलाकार झाला, तोही गाण्यापुरता. नंतर कॅसेट आली आणि गाण्याला चित्रपटाची गरज उरली नाही. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीते समुद्राकाठापासून कल्याण-भिवंडीच्या हळदींपर्यंत वाजू लागली. कॅसेटमागून व्हीसीडी आली, तिला चित्र हवे होते. आणि 2016 नंतर मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला तेव्हा गाणे काढणे कुठल्याही तालुक्यातल्या चार मित्रांच्या आवाक्यात आले.

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातल्या आगरी, कुणबी आणि आदिवासी वस्तीत लग्नाची हळद, बेंजो आणि गाणे यांचा जोड घट्ट आहे, त्यामुळे इथे अशा व्हिडिओंना प्रेक्षक घरचाच असतो. आवण लावलेली खाचरे, धरणाचा जलाशय, मागे माहुलीचे सुळके, अंगणातला मांडव, एवढ्यावर चार मिनिटांची गोष्ट उभी राहते. नायक-नायिका तरुण असतात. बाकी सगळे ओझे एकदोन जाणत्या माणसांवर. एकाच हंगामात तोच गृहस्थ एका गाण्यात नवरीचा रागीट बाप असतो, दुसऱ्यात हळदीत बेभान नाचणारा मामा, तिसऱ्यात शहरातून परतलेल्या मुलाची वाट पाहणारा म्हातारा. संवाद नाही, तालीम फारशी नाही, पैसे बेताचे. मांडवाचे सामान वाहायलाही तोच, आणि जेवणाची व्यवस्था त्याच्याच घरून. ही घडी जुन्या फडाचीच आहे, कारणही तेच: माणसे थोडी, म्हणून प्रत्येकाने अनेक व्हायचे.

हा अभिनय म्हणावा का, असा प्रश्न जाणकार विचारतात. चार मिनिटांत, ठेक्यावर कापलेल्या तुकड्यांत, भूमिका वाढणार कुठे? त्यांचे म्हणणे खोटे नाही. दिगू टिपणीसाचे ते हसणे घडायला मागे अख्खा चित्रपट लागतो. गाण्यात ते जमणार नाही. शिवाय बरेचसे व्हिडिओ एकमेकांची नक्कल असतात, आणि बाप म्हणजे डोळे वटारणे एवढेच कित्येकांना पुरते. पण बतावणीतले सोंगही काही मिनिटांचेच असे, आणि त्या काही मिनिटांच्या सरावातून सोंगाड्या घडे. माझा दावा एवढाच आहे की जिथे एका माणसाला वर्षभरात दहा वेगळी माणसे व्हावे लागते तिथे नट तयार होण्याची शक्यता असते. जिथे त्याला दहा वेळा एकच माणूस व्हावे लागते तिथे ती मरते. ‘सैराट’ने 2016 मध्ये करमाळ्याच्या बाजूची, कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेली मुले मित्रांच्या भूमिकांत उभी केली आणि ती खरी वाटली, अशी माणसे तालुक्यातालुक्यांत आहेत, हे तेव्हाच सिद्ध झाले.

एक गोष्ट मात्र फडाकडे होती आणि व्हिडिओकडे नाही. फडातला सोंगाड्या नावाने ओळखला जाई. सुपारी देणारा गावकरी अमुक सोंगाड्या आहे ना, एवढे विचारूनच पैसे मोजत असे. व्हीसीडीच्या वेष्टनावर गायकाचे नाव, कंपनीचे नाव आणि नायिकेचा फोटो असे. बाप झालेल्या माणसाचे नाव क्वचित. त्या तबकड्या आता घरोघरच्या कपाटांत ओरखडे पडून पडल्या आहेत आणि त्या लावायचे यंत्रही बहुतेक घरांतून गेले. मोबाइलवरच्या व्हिडिओखाली नावे लिहायला जागा भरपूर आहे, पण तिथेही ध्वनिमुद्रण, छायाचित्रण आणि ड्रोन चालवणाऱ्याचे नाव येते नि सहकलाकार ‘गावकरी मंडळी’त जमा होतात. मुरबाड आणि शहापूरच्या वाचनालयांनी, शाळा-महाविद्यालयांनी गेल्या पंचवीस वर्षांतल्या आपल्या परिसरातल्या गाण्यांची यादी करून, प्रत्येक गाण्यात कोण काय झाले होते, ते विचारून लिहून ठेवले तर हे काम अजून होण्यासारखे आहे. त्या बापांपैकी आणि मामांपैकी बरेचजण अजून आपापल्या गावांतच आहेत.